कमलाबाई सोहोनी : अन्नाचा हिशेब मांडणारी शास्त्रज्ञ

विज्ञान म्हटले की आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे अवजड यंत्रे, अवघड सूत्रे आणि परदेशी नावे उभी राहतात. परंतु माणसाच्या ताटात रोज जे पडते त्याचेही एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रात ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत एक मराठी स्त्री अग्रभागी होती, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. डॉ. कमला सोहोनी हे त्यांचे नाव. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यांची ओळख आणखी एका नात्याने पटेल. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा, लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत यांच्या त्या सख्ख्या धाकट्या भगिनी. एका बहिणीने लोकांच्या कथा-गाणी गोळा केली, तर दुसरीने लोकांच्या अन्नातील प्रथिने, जीवनसत्त्वे आणि साखर मोजली.

धान, डाळ, दूध आणि ताडाचा गोड रस हे कमलाबाईंचे विषय. आपल्या सिंदेवाही परिसराला यांतला एकही विषय परका नाही. म्हणूनच त्यांचे चरित्र येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेचे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे, ते सुरुवातीच्या काळातील विद्यार्थी. ज्या काळी बहुतेक घरांत मुलीने चौथीपाचवीपर्यंत शिकले तरी पुष्कळ झाले असे मानीत, त्या काळी या घरात मुलींनी काय शिकावे यावर बंधन नव्हते. वडील आणि काका यांचाच मार्ग आपण धरायचा, हे कमलाबाईंनी लहानपणीच ठरविले असावे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी त्यांनी रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मिळविली आणि विद्यापीठात पहिला क्रमांक पटकाविला. आता बंगलोरला संशोधनासाठी जायचे, एवढेच उरले होते.

परंतु तेथे पहिली ठेच लागली. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळालेले. साऱ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत होता. या थोर शास्त्रज्ञाने कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून. दुसरी एखादी मुलगी निमूटपणे परत फिरली असती. कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या, रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि कोणत्या नियमाने आपल्याला प्रवेश नाही याचे उत्तर मागू लागल्या. देशात गांधीजींच्या सत्याग्रहाचे दिवस होते. कमलाबाईंनीही प्रवेश मिळेपर्यंत हटायचे नाही असा पवित्रा घेतला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशीही एक अट होती. ही शेवटची अट कमलाबाईंच्या मनाला फार लागली. परंतु अपमान गिळून त्यांनी त्या मान्य केल्या, कारण दाराबाहेर राहून दार उघडता येत नाही हे त्यांना कळत होते.

मार्गदर्शक म्हणून त्यांना श्री. श्रीनिवासय्या लाभले. ते शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्याला घडविणारे शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांवर काम सुरू केले. भारतासारख्या देशात, जेथे बहुसंख्य लोकांना मांस-मासे परवडत नाहीत वा चालत नाहीत, तेथे डाळ हाच प्रथिनांचा मुख्य आधार. त्या डाळीत नेमके काय आहे हे तपासणे म्हणजे कोट्यवधी लोकांच्या पोटाचा प्रश्न तपासणे होते. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले आणि कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. एवढेच नव्हे, तर त्यानंतर त्या संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली. कमलाबाईंनी पाळलेल्या अटींचे फळ त्यांच्या मागून येणाऱ्यांना मिळाले. या संशोधनावर १९३६ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह संपादन केली.

यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या संस्थेचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. हॉपकिन्स यांचे नाव अन्नशास्त्राच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. १९१२ साली त्यांनी उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. शुद्ध केलेली प्रथिने, स्निग्ध पदार्थ, पिष्ट आणि क्षार हे सारे देऊनही उंदरांची वाढ खुंटली. रोज अगदी थोडे दूध देताच ती पुन्हा सुरू झाली. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या थोड्याशा दुधाने सिद्ध केले. जीवनसत्त्वांच्या कल्पनेला त्यातून बळ मिळाले आणि १९२९ मध्ये हॉपकिन्स नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. अशा गुरूच्या संस्थेत कमलाबाईंना काम करावयास मिळाले.

केंब्रिजला त्यांनी प्रथम डॉ. डेरेक रिक्टर यांच्याजवळ आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याजवळ काम केले. हिल हे वनस्पतींच्या जीवनक्रियांचे मोठे अभ्यासक. कमलाबाईंनी बटाट्यावर प्रयोग करता करता असे दाखवून दिले की, श्वसनाच्या क्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींच्याही पेशींत असते. प्राणी आणि वनस्पती श्वास घेतात ती क्रिया मुळात एकाच जातीची आहे, असा याचा अर्थ. चौदा महिन्यांत त्यांचे काम पूर्ण झाले. प्रबंध टंकलिखित अवघ्या चाळीस पानांचा! १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. हल्ली प्रबंधाचे वजन हातात घेऊन त्याची योग्यता ठरविणाऱ्यांनी ही चाळीस पाने लक्षात ठेवावीत.

परदेशात राहून नाव व पैसा मिळविणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्या १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. पुढे दक्षिणेतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तांदूळ फार सडला की त्यातील ब-१ जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते, आणि धान उकडून मग भरडले तर त्यातील पुष्कळसे टिकते, या विषयावर कुन्नूरला महत्त्वाचे संशोधन झाले होते. धानाच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्याला याचे महत्त्व निराळे सांगायला नको. गिरणीतून पांढराशुभ्र तांदूळ काढून आणला की घरात आनंद होतो. पण त्या शुभ्रपणाची किंमत कोंड्याच्या रूपाने मोजलेली असते.

१९४७ मध्ये विमागणिती श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर कमलाबाई मुंबईस आल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली. येथून त्यांच्या कार्याचा सर्वांत फलदायी काळ सुरू होतो. विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी तीन गोष्टींचा पाठपुरावा केला : डाळी व शेंगा, धानाचे पीठ आणि नीरा. यांपैकी एकही वस्तू श्रीमंतांच्या मेजवानीतील नव्हती.

डाळींच्या बाबतीत त्यांच्यापुढे एक कोडे होते. वालासारख्या कडधान्यात प्रथिने भरपूर. मग ती कच्ची वा अर्धीकच्ची खाल्ली तर अंगी का लागत नाहीत? आपल्या स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचा पाचक रस स्रवतो. प्रथिनांचे तुकडे करण्याचे काम त्याचे. काही शेंगांत या ट्रिप्सिनलाच अडविणारी द्रव्ये असतात. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाज्या व कडधान्ये यांतील अशा द्रव्यांचा शोध घेतला. वाल आणि डबल बीन यांतील हा अडथळा त्यांनी स्फटिकरूपात वेगळा काढला आणि १९५५ मध्ये ते संशोधन ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापले गेले. उष्णतेने ही द्रव्ये बहुतांशी निकामी होतात. वाल भिजवून, सोलून, नीट शिजवून खाण्याची आपल्या आजी-आईची रीत का बरोबर होती, याचे कारण अशा संशोधनामुळे समजले.

आता नीरेकडे वळू. ताड किंवा शिंदीच्या झाडाला छेद देऊन रात्री मडके बांधायचे आणि पहाटे ऊन चढण्यापूर्वी उतरवायचे. त्यात जो ताजा, गोड, पारदर्शक रस जमतो ती नीरा. ऊन लागले की तासाभरात ती आंबू लागते आणि तिची ताडी होते. आपल्या भागात शिंदी हा शब्दच झाडाला आणि त्याच्या मादक पेयाला सारखाच लागतो. एकाच मडक्यातील रस सकाळी पेय असतो आणि दुपारी दारू होतो. ही मोठी विलक्षण वस्तू. गांधीजींना तीत ग्रामोद्योग दिसला होता. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यानंतर नीरा आणि ताडगूळ यांचा पुरस्कार होऊ लागला. पुढे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. ताडी काढून पोट भरणाऱ्या हजारो माणसांनी आता काय करावे? नीरा विकावी, हे उत्तर सोपे होते. पण ती लोकांनी का प्यावी? तिच्यात साखरेखेरीज काही आहे काय? हा प्रश्न शास्त्राचा होता. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी तो हाती घेतला.

त्यांनी नीरेचे बारकाईने पृथक्करण केले. अ आणि क ही जीवनसत्त्वे व लोह नीरेत लक्षणीय प्रमाणात आढळले, आणि नीरा आटवून गूळ वा काकवी केली तरी त्यांचा काही भाग टिकतो असे दिसून आले. त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. परीक्षानळीतील निष्कर्ष माणसाच्या शरीरात खरा ठरतो की नाही, हे पाहणे आवश्यक होते. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा झाल्याचे आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. जंगलातील माणसाच्या दारात उभे असलेले झाड त्याच्या मुलाच्या पोषणाला उपयोगी पडू शकते, हे प्रयोगशाळेच्या भाषेत प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले गेले.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. कारण कमलाबाईंची खरी शिकवण या ठिकाणी आहे. नीरा गोड आहे. तिच्यात शेकडा दहा ते बारा भाग साखर असते. म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात वीस ते चोवीस ग्रॅम, सुमारे पाच-सहा चमचे साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मर्यादा सुचविली ती अशी : वरून घातलेली साखर, आणि मध, पाक व फळांचे रस यांतील साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगले. दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाला हे अनुक्रमे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम होतात. नीरेचा एक पेला म्हणजे जवळजवळ दिवसभराची पंचवीस ग्रॅमची शिधाच! मग कमलाबाईंचे संशोधन चुकले काय? मुळीच नाही. ज्या मुलाला दोन वेळचे पुरेसे अन्न नाही, ज्या गरोदर बाईच्या अंगात लोह नाही, तिला तो पेला देताना त्यांनी साखरेबरोबर काय येते ते मोजले होते, आणि ते कोणाला द्यायचे हेही ठरविले होते. पोट भरलेल्या माणसाने आवडीपोटी पेल्यावर पेले प्यावेत, असे त्या पृथक्करणातून निघत नाही. पदार्थात काय आहे, किती आहे आणि तो कोण खाणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज अन्नाला चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही.

हीच कसोटी आज आपल्याला दुसऱ्या एका वस्तूला लावायची आहे. ती वस्तू म्हणजे न्याहारीच्या गोड धान्याची रंगीत खोकी. हिचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे एका आरोग्यधामात १८९४ च्या सुमारास जॉन हार्वे केलॉग आणि विल कीथ केलॉग या बंधूंनी शिजविलेले धान्य लाटून व भाजून त्याचे पातळ पापुद्रे केले. थोरला भाऊ वैद्य. रोग्यांना साधे, पचायला हलके अन्न मिळावे हा त्याचा हेतू, आणि साखर त्याला नापसंत. धाकट्याने १९०६ मध्ये स्वतंत्र कंपनी काढली आणि मक्याच्या पापुद्र्यांत साखर घालून ते बाजारात आणले. पुढे दोघा भावांत नावावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. १९४९ नंतर तर मुलांसाठी आधीच साखरेत घोळविलेली धान्ये निघाली. त्यांच्या नावातच ‘शुगर’ हा शब्द अभिमानाने मिरविला जाई. १९५३ मध्ये आलेल्या एका प्रकारात तर वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर होती! १९७० मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे रॉबर्ट चोट यांनी बाजारातील साठ प्रकारांचा ताळेबंद मांडला. त्यांपैकी चाळीस प्रकारांत पोषण फारसे नाही असा त्याचा निष्कर्ष निघाला. तेव्हा मोठा गदारोळ उठला. लोकांना साखरेची धास्ती वाटू लागल्यावर १९८० च्या दशकात कंपन्यांनी नावातून ‘शुगर’ शब्द काढून टाकला. नाव बदलले तरी बहुतेक डब्यांतील साखर जागच्या जागीच राहिली.

१९९४ मध्ये केलॉग कंपनी भारतात आली आणि तिने आपल्याच महाराष्ट्रात, तळोजे येथे कारखाना उभारला. त्यानंतर इतर कंपन्याही उतरल्या. प्रारंभी ही खोकी शहरांतील मोठ्या दुकानांतच दिसत. आता पाच-दहा रुपयांच्या पुड्या तालुक्याच्या गावी किराणा दुकानातही मिळतात. साध्या मक्याच्या पापुद्र्यांत साखर शंभर ग्रॅमला आठ-दहा ग्रॅम असते. मुलांसाठी चॉकलेटची चव दिलेल्या वा मध लावलेल्या प्रकारांत ती बहुधा पंचवीस ते पस्तीस ग्रॅमपर्यंत जाते. तीस ग्रॅमची वाटी घेतली तर शेकडा तीस या हिशेबाने नऊ ग्रॅम, म्हणजे दोन चमच्यांहून थोडी जास्त साखर मुलाच्या पोटात सकाळीच गेली. आणि दूध घालताना आईने वरून साखर घातली तर ती आणखी वेगळी.

यावर विकणारा म्हणेल की, आमच्या धान्यात लोह आणि जीवनसत्त्वेही घातलेली आहेत. हे म्हणणे खोटे नाही. पुष्कळ खोक्यांत ती खरोखरच घातलेली असतात. आणि वरवर पाहता हा युक्तिवाद नीरेच्या युक्तिवादासारखाच दिसतो : गोडाबरोबर लोह, गोडाबरोबर जीवनसत्त्व. फरक कोठे आहे? फरक असा की, नीरेची साखर काढून ठेवता येत नाही. ती झाडानेच त्यात दिली आहे. धान्यातील साखर मात्र माणसाने बाहेरून घातलेली असते, आणि लोह घालण्यासाठी ती घालण्याची काहीही आवश्यकता नसते. मुलाने तोच डबा पुन्हा मागावा यासाठी ती घातलेली असते. शिवाय लोह व जीवनसत्त्वे मिळविण्याचे स्वस्त मार्ग आपल्या घरातच आहेत. मूठभर भाजलेले चणे घ्या. त्यांत शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, लोहही असते आणि वरून घातलेली साखर शून्य. कांदा, शेंगदाणे घातलेले पोहे, वर पिळलेले लिंबू. लिंबातील क जीवनसत्त्वाने पोह्यांतील लोह अंगी लागण्यास मदत होते. मुरमुरे आणि फुटाणे, डाळ घातलेली खिचडी, उकडलेले अंडे, मोड आलेली मटकी. यांतले काहीही दुकानातील रंगीत खोक्यापेक्षा पोषणात कमी नाही, आणि खिशाला मात्र पुष्कळच हलके आहे.

मात्र याच न्यायाने आपण आपल्या गोड पदार्थांनाही सूट देता कामा नये. गूळ आरोग्यदायी असे म्हणून मुलाच्या हातात ढेपेचे खडे देणारे घर याच चुकीत सापडते. गुळात थोडे लोह व क्षार असतात हे खरे, पण त्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग साखरच असतो. गूळ म्हणजे औषध नव्हे, चव होय. आपलेपणाने अन्न पौष्टिक होत नाही आणि परकेपणाने ते अपायकारकही होत नाही; ते मोजावेच लागते.

कमलाबाईंनी आयुष्यभर हा मोजण्याचा आग्रह सोडला नाही. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला दुधाच्या दर्जाबाबत त्यांनी सल्ला दिला. विज्ञान संस्थेत त्यांचे कार्य इतके मोठे होते, तरीही संस्थेच्या संचालकपदापासून त्यांना अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे दूर ठेवण्यात आले. बंगलोरच्या दारातील अडथळा जणू वेश बदलून मुंबईच्या दारात उभा राहिला होता. तरी त्यांनी काम थांबविले नाही, आणि शेवटी त्या पदावर त्यांची नियुक्ती झालीच. इतक्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी स्त्री येणे ही त्या काळी अपूर्व घटना होती. केंब्रिजचे त्यांचे जुने मार्गदर्शक डॉ. रिक्टर यांनीही तिचे मोठे कौतुक केले.

निवृत्तीनंतर त्यांनी दुसरा मार्ग धरला. प्रयोगशाळेतले ज्ञान गृहिणीच्या पिशवीपर्यंत कसे न्यावे, हा तो मार्ग. १९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था स्थापन केली होती. कमलाबाई तिच्या सक्रिय सभासद झाल्या आणि १९८२-८३ साली तिच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकातून त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. जे शास्त्र आपण शिकलो ते विद्यापीठाच्या भिंतीत कोंडून ठेवण्यासाठी नाही, ही त्यांची श्रद्धा होती. भेसळ ओळखणे, मालाचा दर्जा तपासणे, ग्राहकाने प्रश्न विचारणे, हे त्या काळी नवे होते.

आज तेच काम आपण करू शकतो, आणि त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. अन्नपदार्थांच्या वेष्टनांवर काय छापावे याचे नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये नव्याने केले. त्यांनुसार एकूण साखर आणि वरून घातलेली साखर यांचे आकडे द्यावे लागतात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ज्याचे नाव पहिले ते सर्वांत जास्त. पहिल्या तीन नावांत साखर आली तर समजावे की धान्याबरोबर मिठाईही विकत घेत आहोत. कधी साखर एकाच नावाने येत नाही. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, मध, गूळ, इनव्हर्ट सिरप अशी वेगवेगळी नावे घेऊन ती यादीत पसरलेली असते. म्हणून शंभर ग्रॅममागील आकडा पाहावा, त्याला चाराने भागावे, म्हणजे चमचे कळतात. आपल्या आईला, वहिनीला, धाकट्या भावंडांना हा साधा भागाकार शिकविणे हेही एक सामाजिक कार्यच आहे.

आपल्या परिसरात या हिशेबाची गरज शहरापेक्षा जास्त आहे. सिंदेवाहीचे विभागीय कृषी संशोधन केंद्र धानाच्या वाणांवर काम करते. धान येथील जीवन आहे. पण भात पोट भरतो, पूर्ण पोषण करीत नाही. त्याला डाळीची जोड लागतेच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील कितीतरी मुले आजही वयाच्या मानाने खुजी आणि हलकी आहेत. अशा घरात रोजंदारीच्या पैशातून दहा रुपयांची गोड पुडी येते तेव्हा तेवढ्याच पैशाची डाळ वा चणे येत नाहीत. नुकसान साखरेचे तर आहेच, पण त्याहून मोठे नुकसान न आलेल्या डाळीचे आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. शिंदीच्या मडक्याविषयीचा वाद आपल्याकडे अजून दारूच्या बाजूनेच होतो. तेच मडके पहाटे कोणत्या कामास येऊ शकते, हा कमलाबाईंचा प्रश्न मात्र आपण विसरलो आहोत.

१९९८ च्या जून महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्ली येथे कमलाबाईंचा सत्कार योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पासष्ट वर्षांपूर्वी ज्या मुलीने प्रयोगशाळेत नुसते पाऊल ठेवावे की नाही याचा वाद झाला होता, तिचा सन्मान करण्यासाठी देशातील शास्त्रज्ञ एकत्र जमले होते.

कमलाबाईंच्या नावाचा पुतळा आपल्या गावात नाही, आणि त्यांना तो आवडलाही नसता. त्यांचे खरे स्मारक स्वयंपाकघरात होऊ शकते : वाल नीट शिजविताना, तांदळाचा कोंडा वाया जाऊ न देताना, आणि दुकानात गोड धान्याच्या पुडीची मागची बाजू वाचताना. पुढची बाजू चित्रांची आणि जाहिरातीची असते. मागची बाजू आकड्यांची असते. विद्यार्थी भगिनींनो आणि बंधूंनो, पुडी उलटून पाहण्याची सवय आपण लावून घेतली आणि आपल्या गावाला लावली, तर कमलाबाईंनी मांडलेला हिशेब आपण पुढे चालविला असे म्हणता येईल.